पैज लावायचीच तर हजेरीवर लावा

या वेळच्या पत्रांमधे एकच विषय फिरून फिरून आलाय, पळायला सुरुवात तर झाली पण आता टिकवायचं कसं, आणि त्यासाठी मित्रमंडळीत लावलेली चॅलेंजेस किंवा एखाद्या संस्थेला देणगी द्यायचा शब्द कितपत कामाला येतो. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या वेळेसाठी ठेवून आज फक्त यावरच बोलू. काही पत्रं बरीच लांब होती, ती थोडी आटोपशीर केलीयेत.

प्रश्न: ताई, आमचा आठ जणांचा ग्रुप आहे, थोडे ऑफिसमधले, थोडे जुने कॉलेजचे. महिन्याभरात सगळ्यात जास्त किलोमीटर कोण पळतंय असं चॅलेंज लावलं. पहिला महिना नुसती धमाल, रोज स्क्रीनशॉट, रोज चिडवाचिडवी. दुसऱ्या महिन्यापासून दोघंच जण कायम वर आणि बाकीचे गप्प. आता तर ग्रुपवर कुणी काही टाकतच नाही. हे चॅलेंज बंद करून टाकू का?

उत्तर: बंद नका करू, फक्त मोजताय ते बदला. तुम्ही एकूण किलोमीटर मोजताय, म्हणजे ज्याच्याकडे वेळ जास्त, ज्याचे पाय आधीच तयार, तो पाच तारखेलाच इतका पुढे जातो की बाकीच्यांना पंचवीस दिवस आधीच निकाल कळलेला असतो, आणि निकाल माहीत असलेल्या शर्यतीत कोण कशाला पळेल? त्या सहा जणांचा उत्साह कमी नव्हता, त्यांना जिंकायला जागाच नव्हती.

चढाओढीने माणूस जोर लावतो ही काही नवी गोष्ट नाही. 1898 साली नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सायकल शर्यतींची रेकॉर्ड्स तपासली तर एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यापेक्षा दुसऱ्यांबरोबर शर्यतीत असलेला सायकलपटू जास्त वेगात जातो असं दिसलं, मग त्याने 40 मुलांना मासेमारीच्या गळाची रीळ गुंडाळायला दिली, कधी एकट्याने, कधी जोडीने. ही गोष्ट सांगताना लोक नेहमी अर्धीच सांगतात, की जोडीने मुलं जास्त जोरात गुंडाळत होती. खरं तर 20 मुलं जोरात गेली, 10 मुलांमधे फारसा फरक पडला नाही, आणि 10 मुलं जोडीदार आल्यावर उलट हळू झाली, गडबडली. तुमच्या ग्रुपमधे गप्प बसलेल्यांमधे अशी दोनतीन माणसं नक्की असणार, आणि त्यांना "अरे चल ना, काय झालं तुला" असं रोज टोचून काही होणार नाही, त्यांच्यासाठी खेळच वेगळा पाहिजे.

आता खेळ कसा बदलायचा. अमेरिकेत 2016 मधे एक प्रयोग छापून आला, 790 विद्यार्थी, अकरा आठवडे, व्यायामाचे क्लास. काहींना एकमेकांना प्रोत्साहन द्यायला सांगितलं, काहींना स्कोअर दाखवून चढाओढ लावली, काहींना काहीच नाही. चढाओढवाल्यांची हजेरी काहीच नसलेल्यांपेक्षा साधारण 90 टक्क्यांनी जास्त निघाली, आणि नुसतं "शाब्बास, छान" करणाऱ्या ग्रुपची हजेरी सगळ्यात कमी. लोकांना हे वाचून वाटतं की बघा, स्पर्धाच पाहिजे. पण स्कोअर कशाचा होता ते बघा, किती क्लासना आलात याचा! कोण किती वेगात पळालं, किती वजन उचललं याचा नाही. म्हणजे चढाओढ होती ती दारात येण्याची, आणि दारात येणं हे प्रत्येकाच्या हातात असतं, दमदार माणसाच्याही आणि आजच सुरुवात केलेल्याच्याही.

दुसरा प्रयोग 2019 चा, 602 नोकरदार माणसं, चोवीस आठवडे आणि त्यानंतर बारा आठवडे नुसतं लक्ष ठेवलं. प्रत्येकाने रोजच्या पावलांचं स्वतःचं टार्गेट स्वतः ठरवायचं. आठवड्याच्या सुरुवातीलाच 70 पॉइंट हातात द्यायचे आणि टार्गेट चुकलं की त्या दिवसाचे 10 कापायचे. एका गटात तिघातिघांची टोळी केली आणि आपापसात स्कोअर दाखवला. चोवीस आठवडे तर सगळ्याच गटांना फायदा झाला, पण खेळ संपल्यावरसुद्धा ज्यांची पावलं जास्तच राहिली ते हे चढाओढवाले होते. इथेही तेच, टोळी छोटी, आणि पॉइंट स्वतःच्या टार्गेटवर, शेजाऱ्याच्या पायांवर नाही.

त्यामुळे तुमच्या आठांच्या दोन चौकड्या करा. म्हणजे चार चार जण, साधारण सारख्या दमाचे. प्रत्येकाने आठवड्यात किती वेळा पळणार ते रविवारी रात्री सांगायचं, कुणी दोन म्हणेल कुणी पाच म्हणेल, दोघंही बरोबर. जेवढं बोललात तेवढं झालं की पूर्ण पॉइंट, बास. किमान किती पळायचं तेही अगदी कमी ठेवा, वीस मिनिटं, मग ती धावत असोत की मधे मधे चालत. पाच वेळा बोलून तीनदाच आलेला मॅरेथॉनवाला हरतो आणि दोनदा बोलून दोनदा आलेली नवखी मैत्रीण जिंकते, आणि एकदा का असं झालं ना की ग्रुपवर परत आवाज यायला लागतो.

अजून एक, वरच्या दोघांना सांगा की खालच्यांनी पळणं त्यांच्याच फायद्याचं आहे. 2017 मधे साधारण 11 लाख रनर्सच्या पाच वर्षांच्या नोंदी तपासून एक अभ्यास आला होता, त्यात हुशारी अशी केली की मित्राच्या शहरात पाऊस आहे आणि आपल्याकडे नाही असे दिवस शोधले, म्हणजे मित्र पळाला नाही तर आपल्यावर काय परिणाम होतो ते स्वच्छ दिसेल. मित्र एक किलोमीटर जास्त पळाला तर आपण त्याच दिवशी साधारण 300 मीटर जास्त पळतो असं निघालं. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग हा, की कमी पळणारा माणूस जास्त पळणाऱ्याला ढकलतो, उलटं फारसं होत नाही. मागून कुणीतरी येतंय हे कळलं की पाय उचलतात, पुढे कुणीतरी फार लांब निघून गेलंय हे कळून नाही उचलत. मागचे गप्प झाले की पुढचेही थोड्या दिवसांनी थंडावतात, तुमच्याकडे तेच झालेलं दिसतंय.

प्रश्न: आम्ही दोघं नवराबायको पळतो. हे माझ्यापेक्षा बरेच फास्ट आहेत. बरोबर निघालो की यांना कंटाळा येतो आणि मला धाप लागते, शेवटी घरी येईपर्यंत अबोला. वेगवेगळं पळून बघितलं तर माझं तर पळणंच बंद पडलं. बरोबर पळूनही दोघांना मजा येईल असं काही आहे का?

उत्तर: आहे, आणि तुमच्यासारख्या जोड्यांना मी हे इतक्या वेळा सांगितलंय की आता तोंडपाठ झालंय. हँडिकॅप रन. हळू असलेला आधी निघतो, फास्ट असलेला नंतर, आणि दोघांनी शेवटाला एकदम पोचावं असा हिशोब करायचा.

समजा 5 किलोमीटरला यांना 26 मिनिटं लागतात आणि तुम्हाला 35. तुम्ही शून्याला निघायचं, यांनी नऊ मिनिटं वाट बघत थांबायचं, स्ट्रेचिंग करा, बुटाची लेस बांधा, काहीही करा पण निघायचं नाही. दोघं आपापल्या नेहमीच्या दमाने पळालात तर 35 व्या मिनिटाला दोघं एकाच ठिकाणी. आता यात काय होतं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. पहिले तीन किलोमीटर तुम्ही एकट्याच असता, कुणी पुढे नाही, कुणी मागे दिसत नाही, स्वतःच्या श्वासाबरोबर आरामात. चौथ्या किलोमीटरला मागे वळून बघायचा मोह होतो. शेवटच्या चारशे मीटरला पावलांचा आवाज यायला लागतो, आणि तिथे तुमच्यात जो जोर येतो तो तुम्ही एरवी कधी स्वतःहून लावला नसता, आणि यांनाही समोर पाठ दिसत असते आणि अंतर कमी होतंय की नाही याची धाकधूक असते, दोघं खरंखुरं पळता, दोघांना हरण्याची भीती असते. कंटाळा कुठे उरतो त्यात?

जमलं तर गोल फेरीचा रस्ता घ्या, म्हणजे सुरुवात आणि शेवट एकाच जागी. जो जिंकेल त्याचं नवीन टाइमिंग पुढच्या वेळच्या हिशोबात धरायचं, म्हणजे एकच जण सारखा जिंकत राहत नाही. मुद्दाम हळू पळून सूट वाढवून घ्यायचा प्रकार कुणी करू नये म्हणून गेल्या दोनतीन महिन्यांतलं सगळ्यात चांगलं टाइमिंग धरा, शेवटचं नाही.

ज्या दिवशी खरंच शेजारी शेजारी पळायचंय त्या दिवशी दुसरा खेळ. निघायच्या आधी प्रत्येकाने एका कागदावर ही फेरी किती मिनिटांत होईल ते लिहायचं, घड्याळं आणि फोन खिशात, आणि अंदाजाच्या जवळ जो असेल तो जिंकला. यात वेगाला काही किंमत नाही, स्वतःच्या शरीराची ओळख किती आहे त्याला आहे, आणि हळू पळणारी माणसं यात फार वेळा जिंकतात.

वयात खूप अंतर असेल तर एज ग्रेडिंग म्हणून एक पद्धत आहे तीही बघा, तुमचं टाइमिंग तुमच्या वयाच्या आणि तुमच्याच लिंगाच्या जगातल्या सर्वोत्तम वेळेच्या मानाने किती टक्के आहे ते काढतात. लंडनच्या बुशी पार्कमधे 2004 साली 13 पळणाऱ्यांपासून सुरू झालेली पार्करन नावाची 5 किलोमीटरची साप्ताहिक फेरी आता कितीतरी देशांत भरते, तिच्या निकालात प्रत्येकाच्या नावापुढे हा आकडा असतो, त्यामुळे साठीतली बाई पंचविशीतल्या मुलाला सरळ सरळ मागे टाकू शकते.

प्रश्न: मी ठरवलं होतं की एक रन चुकला की एका अनाथाश्रमाला ठरावीक रक्कम द्यायची. पहिले काही आठवडे पैसे जातील म्हणून उठायचो. आता काय होतं, अलार्म वाजला की मनात येतं, जाऊदे, पैसे देऊन टाकू, चांगल्या कामालाच जाणारेत. आणि मी शांत झोपतो. देणगी नियमित जातेय, पळणं शून्य. माझ्यात चिकाटी नाही का?

उत्तर: चिकाटीला दोष देऊ नका, तुम्ही केलेली रचनाच अशी आहे की कुणीही झोपेल. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांवर एक प्रसिद्ध अभ्यास झालाय, 2000 साली छापून आला. मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे म्हणून दहापैकी सहा पाळणाघरांत उशिराला दंड लावला. उशीर कमी व्हायचा सोडून वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाला! कारण आधी उशीर झाला की त्या ताईंसमोर ओशाळल्यासारखं व्हायचं, दंड आल्यावर ते ओशाळणं गेलं, उशिराची किंमत ठरली आणि किंमत भरली की विषय संपला. आणि वाईट म्हणजे दंड काढून टाकल्यावरसुद्धा उशीर पहिल्यासारखा कमी झाला नाही.

तुमचं तर त्याहून अवघड, कारण दंड भरला की नुसतं मोकळं वाटत नाही, पुण्य केल्यासारखं वाटतं. झोपही मिळाली आणि समाधानही मिळालं, मग कोण उठेल. तर पहिली गोष्ट, ही पद्धत आजच बंद करा. त्या आश्रमाला जे देताय ते मात्र थांबवू नका, महिन्याची एक रक्कम ठरवून पळण्याशी काही संबंध न ठेवता देत रहा, त्या मुलांचं आणि तुमच्या अलार्मचं काही देणंघेणं नाही.

मग पळण्यासाठी काय? शब्द उलटा फिरवा. चुकल्यावर नाही, झाल्यावर द्यायचं. आणि पैसे आधीच बाजूला काढून ठेवायचे. हे आधी काढून ठेवणं फार महत्त्वाचं आहे, 2016 मधे 281 जणांवर एक प्रयोग छापून आला, रोज 7,000 पावलांचं टार्गेट, तेरा आठवडे. ज्यांना टार्गेट पूर्ण केल्यावर पैसे मिळायचे त्यांनी 35 टक्के दिवशी टार्गेट गाठलं, काहीच न मिळणाऱ्यांनी 30 टक्के, म्हणजे फार काही फरक नाही. पण ज्यांच्या नावावर महिन्याचे पूर्ण पैसे आधीच ठेवले आणि चुकलेल्या दिवसाचे त्यातून काढून घेतले ते 45 टक्क्यांवर गेले. रक्कम तीच. हातातलं जातंय हे माणसाला फार लागतं.

तुमच्यासाठी असं करा. महिन्याची रक्कम एखाद्या विश्वासातल्या, जरा कडक स्वभावाच्या मैत्रिणीकडे किंवा भावाकडे आधीच देऊन ठेवा, आणि ती बारा भागांत वाटा, आठवड्याला तीन रन धरून. रन झाला की त्या भागाची रक्कम तुमच्या आवडत्या कामाला जाईल, तुमच्या नावाने. चुकला की तो भाग तिथे जाणार नाही, आणि तुम्हालाही परत मिळणार नाही, तो जाईल अशा ठिकाणी जिथे तुम्हाला काही समाधान नाही, उदाहरणार्थ त्या भावाच्या स्वतःच्या नव्या बुटांसाठी. काही लोक याच्याही पुढे जातात, चुकलं तर आपल्याला अजिबात न पटणाऱ्या संस्थेला पैसे जातील असा करार करतात, स्टिक नावाची वेबसाइट अमेरिकेत काही अर्थतज्ञांनी याच कल्पनेवर काढलीये. मला स्वतःला हे नको वाटतं. पळणं आनंदासाठी आहे, त्यात द्वेषाला कशाला बोलवायचं, आणि एखादा महिना आजारपणात गेला तर मनस्ताप किती.

रक्कम मात्र जपून ठरवा. इतकी कमी नको की गेल्याचं कळणारच नाही, आणि इतकी जास्त नको की घरात त्यावरून बोलणी बसतील.

प्रश्न: मला माझ्या पहिल्या 10 किलोमीटरच्या शर्यतीत एका कॅन्सर पेशंट्सना मदत करणाऱ्या संस्थेसाठी निधी गोळा करायचाय, माझी मावशी त्यातून गेली म्हणून. पण नातेवाईकांकडे, ऑफिसात पैसे मागायला जीव धजत नाही. आणि समजा पैसे घेतले आणि शर्यत पूर्णच झाली नाही तर?

उत्तर: मावशीसाठी पळताय हे वाचून खूप बरं वाटलं, आणि तुमच्या आधी या वाटेने फार मोठी माणसं गेलीयेत. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा कॅन्सरमुळे उजवा पाय गेला होता, 1980 मधे तो कृत्रिम पायाने देश ओलांडायला निघाला, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. मागणी काय होती, तर प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर. 143 दिवस आणि 5,373 किलोमीटरनंतर कॅन्सर फुप्फुसात पसरल्यामुळे त्याला थांबावं लागलं, किनारा गाठता आला नाही. तरी 1981 च्या फेब्रुवारीपर्यंत 2 कोटी 41 लाख डॉलरच्या वर निधी जमला, म्हणजे खरोखरच माणशी एक डॉलर. त्याच वर्षी जूनमधे तो गेला. पूर्ण झालं नाही तर काय हा तुमचा प्रश्न आहे ना, त्याची शर्यत पूर्ण झाली नव्हती, आणि एकाही माणसाने पैसे परत मागितल्याचं मी तरी कधी वाचलेलं नाही. आणि त्याच्या नावाने दर वर्षी जी दौड होते तिच्यात नंबर काढत नाहीत.

मूळचे पंजाबचे, लंडनमधे राहायला गेलेले धावपटू फौजा सिंग यांचंही सांगते. 2000 साली, वयाच्या 89 व्या वर्षी ते पहिली लंडन मॅरेथॉन पळाले, ब्लिस नावाच्या संस्थेसाठी, जी वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी काम करते. सगळ्यात म्हातारा माणूस सगळ्यात लहान जिवांसाठी पळतोय, लोकांना आणखी काय सांगायला लागणार?

त्यांचा संकोच कसा गेला असेल मला माहीत नाही, तुमचा कसा जाईल ते सांगते. तुम्ही स्वतःसाठी मागत नाही आहात, हे एकदा मनात पक्कं बसलं पाहिजे, आणि ते बसवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पहिली देणगी स्वतःच्या पदरची टाकायची. आणि मेसेज सरसकट सगळ्या ग्रुप्सवर फॉरवर्ड करू नका, एकेकाला नावाने लिहा. साधारण असं:

"काका, मी अमुक तारखेला पहिल्यांदा 10 किमी पळणारे. मावशीच्या आजारपणात या संस्थेने आम्हाला फार आधार दिला, म्हणून त्यांच्यासाठी निधी जमवतेय. जमेल तेवढे, अगदी थोडे असले तरी चालतील, थेट संस्थेच्याच खात्यावर पाठवा, लिंक खाली देतेय, पावती तुम्हाला तेच पाठवतील. नाही जमलं तरी काही हरकत नाही, त्या दिवशी सकाळी मला फोन करून शुभेच्छा द्या."

शेवटचं वाक्य गाळू नका. नाही म्हणायला जागा असली की माणसं मोकळेपणाने हो म्हणतात, आणि ज्याला खरंच अडचण आहे तो तुमच्यापासून तोंड लपवत नाही. पैसे स्वतःच्या खात्यावर घेऊच नका, कितीही सोयीचं वाटलं तरी, हिशोबावरून चांगली नाती बिघडतात.

कुणी म्हणालं की किलोमीटरमागे इतके देईन तर आनंदाने घ्या पण वरची मर्यादा तिथेच विचारून घ्या. शर्यतीच्या एका दिवसाऐवजी सरावाच्या महिन्यांचे किलोमीटर धरले तर तुम्हाला जास्त फायदा होईल, कारण पहाटे उठायची मारामार सरावातच असते, शर्यतीच्या दिवशी तर गर्दीच तुम्हाला ओढून नेते. दर आठवड्याला देणाऱ्यांना दोन ओळी पाठवा, या आठवड्यात तीनदा गेले, इतके किलोमीटर झाले. मावशीला पण त्यात घ्या, त्यांना झेपत असेल तर त्यांनी तुमचा हिशोब ठेवावा, यासारखा कडक आणि प्रेमळ हिशोबनीस दुसरा मिळायचा नाही. आणि दुखापत झाली तर चालत पूर्ण करेन किंवा पुढच्या शर्यतीत करेन, देणगी मात्र संस्थेकडेच राहील, हे आधीच लिहून टाका म्हणजे ती भीती डोक्यावर राहणार नाही.

प्रश्न: सलग 60 दिवस पळायचं चॅलेंज आहे, टीमचा स्कोअर माझ्यावर अवलंबून आहे. चार दिवसांपासून नडगीच्या आतल्या बाजूला एकाच जागी दुखतंय, दाबलं की कळ येते. थोडेच दिवस राहिलेत, रेटून नेऊ का?

उत्तर: नाही. एकाच बोटभर जागेवर, दाबल्यावर कळ, हे हाडावर ताण आल्याचं लक्षण असू शकतं आणि रेटलं तर बारीक तडा जाऊन दोनतीन महिने घरी बसावं लागतं. आजच थांबा, डॉक्टरांना दाखवा, आणि टीमला खरं कारण सांगा. ज्या टीमला हे समजणार नाही त्या टीमचे पॉइंट तुम्हाला नकोत. आणि सलग दिवसांची चॅलेंजेस ठरवणाऱ्या सगळ्यांनाच माझी विनंती आहे की आठवड्यातले दोन दिवस विश्रांतीचे ठेवा आणि ते हजेरीतच धरा, दुखापत झालेल्याने पाणी वाटलं, वेळ नोंदवली तरी ती हजेरीच माना. पार्करनमधे स्वयंसेवकांच्या कामाची पळणाऱ्यांसारखीच नोंद ठेवतात, ते बघून मला फार बरं वाटतं.

प्रश्न: मी कॉलेजला आहे. मित्रांबरोबर पैजा लावून लावून गेलं वर्षभर पळतोय, बऱ्याच जिंकल्या. आता परीक्षांमुळे सगळे पांगले आणि पैज नसेल तर माझी इच्छाच होत नाही. असं कसं झालं? आधी तर मला उगाचच पळायला आवडायचं.

उत्तर: तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. 1973 मधला एक प्रयोग आहे, बालवाडीतली मुलं, ज्यांना चित्रं काढायला मनापासून आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर बक्षीस मिळेल, काहींना नंतर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. थोड्या दिवसांनी बघितलं तर ज्यांना बक्षिसाचं आधी सांगितलं होतं ती मुलं मोकळ्या वेळेत रंग पेनांकडे निम्म्याने कमी वळत होती. आवडीच्या गोष्टीवर सारखं बक्षीस लावलं की मन समजून चालतं की आपण हे बक्षिसासाठीच करतोय.

पण घाबरू नकोस, आवड गेलेली नाही, तिला जागा मिळाली नाही एवढंच. पैजा वाईट नाहीत, नाहीतर वर एवढं सगळं मी लिहिलंच नसतं. फक्त सगळे रन पैजेला बांधायचे नाहीत. आठवड्यातला एक रन असा ठेव ज्याची नोंद कुठेच होणार नाही, ॲप बंद, घड्याळ घरी, कुणाला सांगायचं नाही, आणि वाटलं तर अर्ध्यातून परत यायचं. सुरुवातीला विचित्र वाटेल, हात सारखा मनगटाकडे जाईल. दोनतीन आठवडे दे त्याला. परीक्षेच्या काळात तर तेवढाच एक रन पुरे, तोही वीस मिनिटांचा.

आणि मित्र पांगलेत म्हणतोस तर त्यातल्या एकाला, जो तुझ्यापेक्षा थोडा हळू आहे अशाला, विचार की आपण दोघांनी आपापल्या गावी एकाच वेळी निघायचं का, शनिवारी सकाळी, पैज काही नाही, परत आल्यावर फोन करायचा आणि वाटेत काय दिसलं ते सांगायचं. परीक्षा झाल्या की कसं चाललंय ते मला नक्की कळव.